बीटा ब्लॉकरची गोळी आणि व्यायाम : नाडी वाढत नाही, पाय लवकर भरून येतात, ते का?

रक्तदाबाची किंवा हृदयाची गोळी सुरू झाली आणि रोजचं फिरणं जड वाटायला लागलं, अशी तक्रार करणारे लोक प्रत्येक गावात भेटतात. बेळगावात व्हॅक्सिन डेपोवर सकाळी फिरणाऱ्यांत भेटतात, वडोदऱ्याच्या कमाटी बागेतही भेटतात. कुणी म्हणतं, "वय झालं." कुणी म्हणतं, "गोळीनं अशक्तपणा आला," आणि आपल्याच मनानं गोळी सोडून देतं. दुसऱ्या प्रकारात जिवाला धोका आहे. म्हणून ही गोळी व्यायामाच्या वेळी शरीरात नेमकं काय करते, ते नीट समजून घेणं गरजेचं आहे.

ही माहिती सर्वसाधारण वाचकांसाठी आहे. गोळी बदलणं, कमी करणं किंवा बंद करणं हे डॉक्टरांशी बोलूनच करायचं.

आपली गोळी बीटा ब्लॉकर आहे का?

आधी पट्टी उलटी करून बारीक अक्षरातलं औषधाचं मूळ नाव वाचा. मेटोप्रोलॉल, ॲटेनोलॉल, बिसोप्रोलॉल, नेबिवोलॉल, प्रोप्रॅनोलॉल, कार्व्हेडिलॉल ही आपल्याकडे नेहमी दिली जाणारी नावं. ओळखायची सोपी खूण म्हणजे नावाचा शेवट 'लॉल' असा होतो. कंपनीचं नाव काहीही असो, हे मूळ नाव सगळीकडे तेच असतं.

दोन ठिकाणी गल्लत होते. पहिली जोडगोळ्यांची. आपल्या बाजारात ॲम्लोडिपिन आणि ॲटेनोलॉल, किंवा टेल्मिसार्टन आणि मेटोप्रोलॉल एकाच गोळीत मिळतात. "मी फक्त बीपीची एक गोळी घेतो" म्हणणाऱ्याच्या पोटात अशा वेळी बीटा ब्लॉकर जात असतो आणि त्याला त्याचा पत्ता नसतो. दुसरी डोळ्यांच्या थेंबांची. काचबिंदूसाठी टिमोलॉलचे थेंब देतात. तेही बीटा ब्लॉकरच आहेत. थेंब डोळ्यात टाकले तरी काही अंश रक्तात उतरतो आणि नाडी मंद करू शकतो.

औषध आलं कुठून?

ॲड्रेनलिनचा परिणाम शरीरात दोन प्रकारच्या ग्राहकांमार्फत होतो, असं अमेरिकेतले रेमंड आल्क्विस्ट यांनी १९४८ मध्ये मांडलं. त्यांना अल्फा आणि बीटा अशी नावं दिली. ग्राहक म्हणजे पेशीच्या अंगावरचं कुलूप आणि ॲड्रेनलिन ही त्याची किल्ली, असं समजा. स्कॉटलंडचे जेम्स ब्लॅक यांनी यावरून वेगळा विचार केला. छातीत कळ येते कारण हृदयाला लागतो तेवढा प्राणवायू मिळत नाही. पुरवठा वाढवता येत नसेल, तर हृदयाची मागणीच कमी का करू नये? त्यासाठी बीटा कुलपात अडकून बसेल, पण कुलूप उघडणार नाही, अशी खोटी किल्ली त्यांनी शोधली. १९६० च्या दशकात प्रोप्रॅनोलॉल वापरात आलं. ब्लॅक यांना १९८८ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल इतर दोघांबरोबर मिळालं.

व्यायाम सुरू झाला की एरवी काय होतं?

आपण भरभर चालायला लागलो की मज्जासंस्था आणि मूत्रपिंडावरच्या ॲड्रिनल ग्रंथी नॉरॲड्रेनलिन आणि ॲड्रेनलिन सोडतात. हा निरोप एकाच वेळी बऱ्याच ठिकाणी पोचतो.

हृदयाला निरोप जातो : जोरात आणि भरभर चाल. हे मुख्यतः बीटा-१ ग्राहकांचं काम. फुप्फुसातल्या नळ्या आणि स्नायूंच्या रक्तवाहिन्या सैल पडतात. ते बीटा-२ चं काम. यकृत आणि स्नायू साठवलेली साखर मोकळी करतात, त्यातही बीटा-२ चा वाटा असतो. आणि चरबीच्या पेशींना निरोप जातो : साठा फोडा, रक्तात सोडा.

हिशेबाच्या भाषेत सांगायचं तर शरीराकडे इंधनाची दोन खाती आहेत. एक चालू खातं, म्हणजे ग्लायकोजेन. ही साठवलेली साखर. मोठ्या माणसाच्या स्नायूंत साधारण ४०० ग्रॅम आणि यकृतात १०० ग्रॅमच्या आसपास असते. दोन्ही मिळून सुमारे २००० किलोकॅलरी. दुसरं खातं मुदत ठेवीचं, म्हणजे चरबी. बारीक दिसणाऱ्या माणसाकडेही १० किलो चरबी सहज असते, म्हणजे ८०-९० हजार किलोकॅलरी. चालू खात्यातले पैसे पटकन निघतात, पण शिल्लक थोडी. ठेव मोठी, पण ती मोडायला वेळ आणि सही लागते. ती सही ॲड्रेनलिनची.

आरामात चालताना शरीर दोन्ही खाती वापरतं. व्यायाम जितका लांबेल तितकं ते चरबीकडे जास्त झुकतं, कारण चालू खातं रिकामं होऊ द्यायचं नसतं. ते रिकामं झालं की पाय उचलत नाहीत.

गोळी घेतल्यावर हिशेब कसा बदलतो?

*चरबीची ठेव अडते.* चरबीच्या पेशीतल्या बीटा ग्राहकांना निरोप मिळाला की आत एक विकर जागं होतं आणि चरबीचे तुकडे करतं. त्यातून मेदाम्लं आणि ग्लिसरॉल रक्तात येतात. बीटा ब्लॉकर हा निरोपच अडवतो. त्यामुळे व्यायामाच्या वेळी रक्तात मेदाम्लं एरवीपेक्षा कमी येतात. ग्लिसरॉलही घटतं. यकृत एरवी त्यापासून नवी साखर बनवतं, म्हणजे तो कच्चा मालही कमी पडतो.

*साखरेवर ताण येतो.* चरबी मिळत नाही म्हटल्यावर स्नायू साखरेवर जास्त अवलंबून राहतात. त्याच चालण्याला चालू खात्यातून जास्त उचल होते. अर्धा-पाऊण तास फिरणाऱ्याला हे फारसं जाणवत नाही, कारण तेवढी शिल्लक असते. तास-दीड तासाच्या पुढे गेलं की जाणवतं.

*काही गोळ्या साखरेचाही दरवाजा अर्धा लावतात.* प्रोप्रॅनोलॉलसारख्या गोळ्या बीटा-१ आणि बीटा-२ दोन्ही अडवतात. त्यामुळे स्नायूतलं ग्लायकोजेन फोडण्याची प्रक्रियाही मंदावते. ती पूर्ण थांबत नाही, कारण स्नायू आकुंचन पावला की त्यातलं कॅल्शियम ते काम स्वतंत्रपणे करतंच. पण एकीकडे चरबी कमी आणि दुसरीकडे साखर हळू, अशी दोन्हीकडून ओढाताण होते. पाय लवकर भरून येण्याचं हे एक मोठं कारण.

*पोटॅशियम रक्तात साचतं.* स्नायू काम करताना पोटॅशियम बाहेर टाकतात. एरवी बीटा-२ ग्राहकांच्या मदतीनं ते पुन्हा पेशीत ओढलं जातं. दोन्ही ग्राहक अडवणाऱ्या गोळीवर व्यायाम करताना रक्तातलं पोटॅशियम जास्त चढतं, आणि स्नायू थकण्याशी त्याचाही संबंध जोडला जातो.

*रक्ताचा पुरवठा हात आखडता घेतो.* नाडी वाढत नाही म्हणजे मिनिटाला पंप होणारं रक्त तितकं वाढत नाही. शरीर यावर दोन उपाय करतं. हृदय प्रत्येक ठोक्याला थोडं जास्त रक्त फेकतं आणि स्नायू तेवढ्याच रक्तातून जास्त प्राणवायू काढून घेतात. त्यामुळे साध्या चालण्यात बरीचशी भरपाई होते. कमाल ताकद लावायची वेळ आली की मात्र तूट दिसते. चढ, जिना, पळणं इथे पहिल्यांदा कळतं, ते यामुळेच.

मग हृदयरोग्याला ही गोळी देतात कशाला?

कारण त्याच्या बाबतीत हिशेब उलटा बसतो. निरोगी धावपटूची गोळीमुळे कमाल क्षमता घटते. पण ज्याच्या हृदयाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्या आहेत, त्याला आधी थांबवते ती छातीतली कळ. नाडी आणि दाब कमी राहिला की हृदयाची प्राणवायूची मागणी घटते, कळ उशिरा येते आणि तो माणूस आधीपेक्षा जास्त चालू शकतो.

हृदयाची पंप करण्याची ताकद कमी झालेल्या रुग्णांत तर या औषधांनी जीव वाचतात. बिसोप्रोलॉल आणि मेटोप्रोलॉल सक्सिनेटवरच्या १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन मोठ्या चाचण्यांत मृत्यूंचं प्रमाण सुमारे एक तृतीयांशानं घटलं होतं. थोडा थकवा विरुद्ध एवढा फायदा, असा तो सौदा आहे.

सगळ्यांनाच ही गोळी आयुष्यभर लागते असंही नाही. नुसता रक्तदाब असेल तर पहिली पसंती म्हणून आता बहुधा इतर औषधं वापरतात. हृदयविकाराच्या झटक्यानंतर पंपाची ताकद चांगली राहिलेल्या रुग्णांना ही गोळी दीर्घकाळ दिल्यानं स्पष्ट फायदा दिसला नाही, असं २०२४ मध्ये आलेल्या रिड्यूस-एएमआय या चाचणीत आढळलं. म्हणून "मला ही गोळी कशासाठी आहे आणि अजून लागते का?" हा प्रश्न डॉक्टरांना विचारायला हरकत नाही. विचारायचा मात्र गोळी चालू ठेवून.

सगळ्या गोळ्या सारख्या नाहीत

- प्रोप्रॅनोलॉल : दोन्ही ग्राहक अडवते. व्यायामावर आणि साखरेवर सर्वांत जास्त परिणाम. अर्धशिशी, हात थरथरणं, थायरॉइड वाढणं यांसाठीही देतात. दमा असलेल्यांना टाळतात.
- मेटोप्रोलॉल, ॲटेनोलॉल, बिसोप्रोलॉल : मुख्यतः बीटा-१ वर काम करतात. चरबी मोकळी होण्यावर परिणाम होतोच, पण साखर आणि पोटॅशियमच्या बाबतीत तुलनेनं सौम्य. डोस वाढला की हा फरक पुसट होतो.
- नेबिवोलॉल : बीटा-१ वर काम करते, शिवाय रक्तवाहिन्या सैल करते.
- कार्व्हेडिलॉल : दोन्ही बीटा आणि सोबत अल्फा ग्राहकही अडवते. त्यामुळे उठता-बसताना चक्कर येण्याकडे लक्ष ठेवावं लागतं.

थरथर थांबवण्याचा हा गुण खेळातही वापरला जातो, तोही गैर मार्गानं. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये उत्तर कोरियाचा नेमबाज किम जोंग-सू याच्या तपासणीत प्रोप्रॅनोलॉल सापडलं आणि त्याची दोन पदकं काढून घेतली गेली. नेमबाजी आणि तिरंदाजीत या औषधांवर बंदी आहे. पळण्याच्या शर्यतीत मात्र ती घेऊन तोटाच व्हायचा.

मधुमेह असेल तर जास्त सावध

साखर खाली गेली की हात कापतात, छाती धडधडते, घाम सुटतो. यातली पहिली दोन लक्षणं ॲड्रेनलिनची, आणि तीच बीटा ब्लॉकर झाकून टाकतो. घामाचं काम वेगळ्या मार्गानं चालतं, म्हणून घाम येतच राहतो. व्यायामात घाम यायचाच, त्यामुळे साखर घटल्याचा इशारा सहज सुटून जातो.

इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी साखर खाली आणणारी गोळी, सोबत बीटा ब्लॉकर आणि वर रिकाम्या पोटी लांब चालणं, ही तिन्ही एकत्र आली की धोका वाढतो. अशांनी फिरायला जाण्याआधी साखर तपासावी, थोडं खाऊन निघावं, आणि अचानक गळाठा, गोंधळल्यासारखं वाटणं, कारण नसताना चिडचिड झाली तरी साखर घटल्याची शंका घ्यावी.

खिशात साखर किंवा ग्लुकोज पावडर ठेवा. तीन चमचे पाण्यात घालून प्या, १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. आपल्याकडे लोक अशा वेळी पेढा किंवा कुंदा तोंडात टाकतात. त्यातल्या दुधाच्या स्निग्धतेमुळे साखर हळू रक्तात उतरते, म्हणून पहिला उपाय तो नव्हे. आधी साखरपाणी, कुंदा मागून. माणूस बेशुद्ध असेल तर मात्र तोंडात काहीही घालू नका, थेट दवाखाना गाठा.

पंढरीच्या वारीला पायी जाणाऱ्यांनी हे जास्त लक्षात घ्यावं. सीमाभागातून दरवर्षी दिंड्या निघतात. दिवसाला वीस-वीस किलोमीटर चालणं आणि त्यात एकादशी. चालू खात्यावर इतका ताण दुसरीकडे क्वचितच येतो. गोळी, चालणं आणि उपास यांचा मेळ कसा घालायचा, हे निघण्याआधी डॉक्टरांना विचारून घ्या. निर्जळी तर अशा रुग्णांनी करूच नये.

२२० वजा वय हे गणित इथे चालत नाही

जिममध्ये भिंतीवर तक्ता असतो : २२० मधून वय वजा करा, ती तुमची कमाल नाडी, तिच्या ७० टक्क्यांवर व्यायाम करा. बीटा ब्लॉकर घेणाऱ्यासाठी हा तक्ता चुकीचा आहे.

उदाहरण घेऊ. वय ५५. तक्त्याप्रमाणे कमाल नाडी १६५ आणि ७० टक्के म्हणजे ११५. आता हृदयविकार असून बीटा ब्लॉकर घेणाऱ्यांसाठी २००४ मध्ये अमेरिकेत मांडलं गेलेलं सूत्र पाहा : १६४ वजा वयाच्या ०.७ पट. ५५ वयाला ते येतं १२५ च्या जवळपास. म्हणजे तक्त्यावरचं "मध्यम" ११५ हे या माणसाच्या खऱ्या कमाल क्षमतेच्या ९० टक्क्यांच्या वर जातं. तो आकडा गाठायच्या नादात तो स्वतःला नको तेवढं दामटतो.

हे सूत्रही सरासरीचं आहे. औषध, डोस आणि गोळी घेऊन किती वेळ झाला, त्यावर प्रत्येकाची नाडी बदलते. खात्रीचा मार्ग म्हणजे टीएमटी, तीही नेहमीची गोळी नेहमीच्या वेळी घेऊन. आजार शोधण्यासाठी टीएमटी करताना डॉक्टर कधी कधी गोळी थांबवायला सांगतात. त्या चाचणीतला नाडीचा आकडा व्यायामासाठी वापरू नये.

घरच्या घरी करता येण्यासारखी सोपी कसोटी बोलण्याची. चालताना पूर्ण वाक्य बोलता येतंय, पण गाणं म्हणता येत नाही, इतका जोर बरोबर. दोन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागतोय, तर वेग कमी करा. स्वीडनचे गुन्नार बोर्ग यांच्या ६ ते २० च्या श्रम-पट्टीवर हे साधारण १२ ते १४ येतं, म्हणजे "थोडं जड जातंय, पण चालू ठेवता येईल."

स्मार्ट घड्याळाचंही तेच. ते नाडीवरून कॅलरी मोजतं. नाडी गोळीनं दाबलेली, त्यामुळे कष्ट झाले त्यापेक्षा कमी दाखवतं. घड्याळ म्हणतं "हलका व्यायाम", पाय म्हणतात "बस झालं." पायांचं ऐका.

थकवा आणि वजन : भीती किती, खरं किती?

गोळीनं थकवा येतो हे खरं, पण समजतो तितक्या लोकांना नाही. अनेक चाचण्या एकत्र करून २००२ मध्ये झालेल्या आढाव्यात गोळीमुळे जादा थकवा वर्षाला दर हजार रुग्णांमागे साधारण १८ जणांना जाणवला होता. थकव्यामागे रक्त कमी असणं, थायरॉइड, झोप नीट नसणं किंवा खुद्द हृदयाचा आजारही असू शकतो. चालताना पोटऱ्या दुखून थांबावं लागत असेल, तर पायातल्या रक्तवाहिन्या तपासून घ्याव्यात. कोलेस्टेरॉलच्या गोळीनंही स्नायू दुखू शकतात.

वजन चाचण्यांमध्ये सरासरी एक-सव्वा किलोनं वाढलेलं दिसलं. बसल्या जागी होणारा उष्मांकांचा खर्च थोडा घटतो, हे त्यामागचं एक कारण. ते आहार-व्यायामानं सांभाळता येतं. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं आणि पायांवर सूज आली, तर ती चरबी नव्हे, पाणी आहे. लगेच डॉक्टरांकडे जा.

आणि मुख्य म्हणजे, गोळी चालू असतानाही व्यायामाचा फायदा होतो. काही आठवड्यांच्या नियमित चालण्यानं दमश्वास सुधारतो, दाब उतरतो, साखर आटोक्यात येते. नाडीचा आकडा फार हलत नसला तरी हे आतून घडत असतं.

व्यायाम करताना पाळायच्या गोष्टी

- सुरुवातीची १० मिनिटं सावकाश चाला. चरबी उशिरा मोकळी होते, शरीराला वेळ द्या.
- शेवटची १० मिनिटंही वेग हळूहळू कमी करा. एकदम थांबलं की दाब घसरून चक्कर येऊ शकते.
- तासापेक्षा जास्त चालायचं असेल, राजहंसगड चढायचा असेल, तर आधी थोडं खा आणि वाटेत केळं किंवा चिक्की जवळ ठेवा.
- गोव्यासारख्या दमट हवेत किंवा एप्रिल-मेच्या उन्हात पहाटे किंवा संध्याकाळीच फिरा. या गोळ्यांनी त्वचेकडे जाणारं रक्त कमी होऊ शकतं, त्यामुळे अंगातली उष्णता बाहेर टाकायला अडचण येते. पाणी पीत राहा, पण हृदयासाठी पाण्यावर मर्यादा घातली असेल तर ती पाळा.
- गोळी नवी असेल किंवा डोस वाढवला असेल, तर दोन आठवडे वेग आणि अंतर कमी ठेवा.
- शक्यतो रोज एकाच वेळी गोळी आणि एकाच वेळी व्यायाम ठेवा. म्हणजे कालची आणि आजची तुलना खरी होते.

गोळी एकदम बंद करू नका

कुलपं बराच काळ अडवून ठेवली की शरीर नवी कुलपं तयार करतं. गोळी अचानक थांबली की ती सगळी एकदम ॲड्रेनलिनला मोकळी मिळतात. नाडी उसळते, दाब चढतो, छातीत कळ येते, काहींना हृदयविकाराचा झटकाही येतो. म्हणून डॉक्टर ती टप्प्याटप्प्यानं कमी करतात. गावाला जाताना, लग्नसराईत, वारीत गोळ्या संपणार नाहीत एवढा साठा सोबत ठेवा.

छातीत दुखणं किंवा दाब, डोळ्यांपुढे अंधारी, शुद्ध हरपणं, बसल्या जागी दम लागणं, यांपैकी काहीही झालं तर व्यायाम थांबवा आणि लगेच दवाखान्यात जा. बसलेल्या अवस्थेत नाडी ५० च्या खाली राहत असेल आणि सोबत चक्कर किंवा गळाठा असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

सीमेपलीकडे उपचाराला जाताना

बेळगावचा पेशंट मिरजेला किंवा कोल्हापूरला जातो, सिंधुदुर्गातला बांबोळीला. एका राज्यात एका कंपनीची गोळी लिहून दिली जाते, दुसऱ्या राज्यात दुसऱ्या कंपनीची. नावं वेगळी, औषध तेच, आणि रुग्ण दोन्ही पट्ट्या चालू ठेवतो. डोस दुप्पट झाला की नाडी धोकादायक मंद होऊ शकते. म्हणून दवाखाना बदलताना फक्त चिठ्ठी नको. चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या, डोळ्यांचे थेंब, शेवटचा ईसीजी आणि टीएमटीचा कागद एका पिशवीत घालून न्या. समोरच्या डॉक्टरांना तीन गोष्टी स्पष्ट सांगा : गोळी कधीपासून आहे, दिवसाला किती घेता, आणि रोज किती चालता. तिसरी गोष्ट बहुतेक जण सांगत नाहीत. डोस ठरवताना मात्र तिचा उपयोग होतो.